हाक मारावी की झटका द्यावा?

मोकळ्या मैदानात कुत्र्याची साखळी सोडली की पहिली दोन मिनिटे मालकालाही बरे वाटते. कुत्रा धावतो, हुंगतो, मध्येच वळून पाहतो. मग त्याला काहीतरी दिसते. मांजर, खार, सायकलवरचे पोर किंवा दुसरा कुत्रा. तो सुसाट सुटतो. मालक हाका मारू लागतो. कुत्र्याचे कान क्षणभर मागे वळतात, म्हणजे हाक ऐकू गेलेली असते, पण पाय थांबत नाहीत. दहाव्या हाकेनंतर कधीतरी स्वारी परत येते, तेव्हा मालक घामाघूम झालेला असतो आणि संतापलेलाही. कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांना हा प्रसंग ओळखीचा असेल.

प्रत्येक वेळी तो एवढ्यावर निभावत नाही. रस्ता जवळ असेल तर कुत्रा गाडीखाली येतो, किंवा त्याला चुकवताना दुचाकीस्वार पडतो. ब्रिटनमध्ये आणखी एक धोका आहे. तिथे टेकड्यांवर मेंढ्या चरत असतात आणि त्याच कुरणांमधून फिरायला जाणाऱ्यांच्या पायवाटा जातात. सुटलेला पाळीव कुत्रा कळपाच्या मागे लागला की काही मेंढ्यांना फाडतो आणि काही गाभण मेंढ्या नुसत्या धावपळीने आणि भीतीने गाभ टाकतात. 'एनएफयू म्युच्युअल' ही तिथली शेतकऱ्यांची विमा कंपनी. कुत्र्यांनी २०२३ मध्ये मारलेल्या किंवा गंभीर जखमी केलेल्या जनावरांची किंमत तिने सुमारे २४ लाख पौंड धरली होती. कळप वाचवायला दुसरा मार्ग उरला नसेल आणि शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली, तर तिथला कायदा त्याला संरक्षण देतो.

बोलावल्यावर कुत्र्याने परत येणे, ज्याला प्रशिक्षक 'रिकॉल' म्हणतात, हे म्हणूनच पाहुण्यांना दाखवायच्या करामतींपेक्षा फार महत्त्वाचे आहे. त्यावर कुत्र्याचा जीव अवलंबून असतो, कधी इतरांचाही. आणि याच कामासाठी एक उपकरण गेली अनेक वर्षे विकले जाते, ज्यावरून प्राणिप्रेमी, प्रशिक्षक, पशुवैद्य, शेतकरी आणि सरकारे यांच्यात मोठा वाद आहे. ते उपकरण म्हणजे इलेक्ट्रॉनिक कॉलर, बोलीभाषेत शॉक कॉलर.

गळपट्ट्यात असते काय?

दिसायला हा साधा गळपट्टा. त्यावर काडेपेटीएवढी एक डबी असते आणि डबीच्या आतल्या बाजूला धातूचे दोन बोथट खिळे. पट्टा बांधला की हे खिळे केसांमधून मानेच्या कातडीला टेकतात. मालकाच्या हातात रिमोट असतो. बटण दाबले की दोन खिळ्यांमधून विजेचा झटका जातो. झटका क्षणभराचा ठेवता येतो किंवा बटण दाबलेले असेपर्यंत काही सेकंद चालू ठेवता येतो. त्याची तीव्रता कमी-जास्त करण्यासाठी अनेक पायऱ्या असतात. बहुतेक कॉलरमध्ये नुसता आवाज किंवा नुसती थरथर देण्याचीही सोय असते.

विक्रेते 'शॉक' हा शब्द टाळतात. ते 'स्टिम्युलेशन' म्हणतात आणि सांगतात की खालच्या पायरीवर कुत्र्याला फक्त टिचकी मारल्यासारखे जाणवते. हे सर्वस्वी खोटे नाही. खालच्या पायरीवरचा झटका माणसाला हातावर जेमतेम कळतो आणि वरच्या पायरीवरचा चांगलाच दुखतो. अडचण अशी की कुत्र्याला नेमके किती जाणवते, हे रिमोटवरचा आकडा सांगत नाही. केस दाट आहेत की विरळ, अंग कोरडे आहे की ओले, पट्टा सैल आहे की घट्ट, यावर कातडीत जाणारी वीज बदलते. ब्रिटिश सरकारच्या पैशातून झालेल्या एका अभ्यासात बाजारातल्या वेगवेगळ्या कॉलरची मोजमापे घेतली गेली. तेव्हा एका बनावटीचा कमाल झटका दुसरीच्या कमाल झटक्यापेक्षा अनेक पटींनी जोरदार असल्याचे दिसले. शिवाय पट्टा बराच वेळ घट्ट बांधून ठेवला तर त्या दोन खिळ्यांच्या दाबाने मानेवर जखमा होतात. त्याचा विजेशी संबंधही नसतो.

वेल्सची बंदी, इंग्लंडचा घोळ

ब्रिटनमध्ये सर्वांत आधी पाऊल उचलले ते वेल्सने. मेंढ्यांच्या या देशाने २०१० मध्ये कुत्र्या-मांजरांवर विजेचा झटका देणारे पट्टे वापरण्यास बंदी घातली. अंगणाच्या सीमेवर पुरलेल्या तारेमुळे चालू होणारे पट्टेही त्यात आले. नियम मोडणाऱ्याला दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो. उत्पादक न्यायालयात गेले, पण बंदी टिकली.

जर्मनीत त्याआधीच, २००६ मध्ये, तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने कुत्र्याला लक्षणीय वेदना देऊ शकणारी अशी उपकरणे प्रशिक्षणात वापरणे कायद्यात बसत नाही असा निकाल दिला होता. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, ऑस्ट्रिया या देशांनीही असेच नियम केले आहेत.

इंग्लंडमध्ये मात्र घोळ झाला. २०१८ मध्ये सरकारने बंदीचा इरादा जाहीर केला. उत्पादकांनी त्यालाही न्यायालयात आव्हान दिले आणि ते हरले. २०२३ मध्ये नियमांचा मसुदा संसदेपुढे आला. त्यात फक्त हातातल्या रिमोटने चालणाऱ्या कॉलर होत्या. सीमेच्या तारेवर चालणारे पट्टे वगळले होते. वरिष्ठ सभागृहाने मंजुरी दिली आणि १ फेब्रुवारी २०२४ ही तारीख ठरली. पण कनिष्ठ सभागृहात मतदान झालेच नाही. ठरलेली तारीख उलटून गेली आणि पुढे निवडणुकीत सरकारही बदलले. परिणामी वेल्सच्या सीमेच्या एका बाजूला जो पट्टा गुन्हा ठरतो, तोच दुसऱ्या बाजूला मोकळेपणाने बांधता येतो, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली.

बंदीच्या बाजूने 'द केनेल क्लब', 'डॉग्ज ट्रस्ट', आरएसपीसीए आणि ब्रिटिश पशुवैद्यकीय संघटना आहेत. विरोधात कॉलर उत्पादक, त्या वापरणारे प्रशिक्षक आणि काही शेतकरी आहेत. विरोधकांचा युक्तिवाद भावनेच्या भरात झटकून टाकण्यासारखा नाही. ते विचारतात, मेंढ्यांमागे लागणाऱ्या कुत्र्याला गोळी लागण्यापेक्षा किंवा आयुष्यभर साखळीला बांधून ठेवण्यापेक्षा चार-दोन झटके बरे नाहीत का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मतांपेक्षा प्रयोगांत शोधायला हवे. सुदैवाने असे प्रयोग झालेले आहेत.

झटका कशाशी जोडला जातो?

प्रयोगांकडे जाण्यापूर्वी कुत्रा शिकतो कसा, हे थोडक्यात पाहू. एखाद्या कृतीनंतर चांगले काही घडले की ती कृती वाढते आणि वाईट घडले की कमी होते, हे आपण सगळे जाणतो. शॉक कॉलरचे दोन उपयोग याच तत्त्वावर चालतात. पहिल्या प्रकारात नको असलेल्या कृतीला झटका दिला जातो. दुसऱ्यात सौम्य झटका चालू ठेवला जातो आणि कुत्रा मालकाकडे वळला की बंद केला जातो. दुसऱ्या प्रकारात कुत्रा झटका थांबवण्यासाठी परत यायला शिकतो.

पण वेदना झाली की कुत्र्याच्या मेंदूला आणखी एक हिशेब करावा लागतो. हे कशामुळे झाले? पुन्हा केव्हा होईल? मला ते टाळता येईल का? या प्रश्नांचे महत्त्व अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या १९६७च्या प्रयोगाने दाखवून दिले. त्यांनी कुत्र्यांच्या दोन गटांना सारखेच झटके दिले. पहिल्या गटातला कुत्रा डोक्याने एक फळी दाबून झटका थांबवू शकत होता, दुसऱ्या गटातल्या कुत्र्याच्या हाती काहीच नव्हते. नंतर दोन्ही गटांना अशा खोक्यात ठेवले जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की झटक्यातून सुटका होती. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून सुटले. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे जागच्या जागी कण्हत पडून राहिले. वीज दोन्हींना तेवढीच मिळाली होती. फरक होता तो तिच्यावर ताबा असण्या-नसण्याचा. असा क्रूर प्रयोग आज कुठलीही नैतिकता समिती मान्य करणार नाही, पण त्यातून निघालेली 'शिकलेली असहायता' ही कल्पना पुढे माणसांच्या नैराश्याच्या अभ्यासातही महत्त्वाची ठरली.

आता थेट आपल्या विषयाकडे येऊ. २००७ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या पशुवैद्यक संशोधकांनी १४ बीगल कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्यांना धावणाऱ्या बनावट सशाचा पाठलाग करण्याची सवय लावली आणि मग तीन गट केले. पहिल्या गटाला त्या सशाला तोंड लावताच झटका मिळे. दुसऱ्या गटाला पाठलाग करताना बोलावले जाई आणि आला नाही तर झटका मिळे. तिसऱ्या गटाला झटके कधीही, कशाशीही संबंध नसताना मिळत. ताण मोजण्यासाठी लाळेतील कॉर्टिसॉल हे संप्रेरक तपासले गेले.

सर्वाधिक ताण तिसऱ्या गटात निघाला, ते अपेक्षितच होते. सशाला तोंड लावल्यावर झटका खाणाऱ्या पहिल्या गटात कॉर्टिसॉलची लक्षणीय वाढ दिसली नाही. सशाला शिवले की दुखते, नाही शिवले की दुखत नाही, इतका हिशेब त्या कुत्र्यांना लगेच जमला. बोलावल्यावर न येणाऱ्या दुसऱ्या गटात मात्र कॉर्टिसॉल लक्षणीय वाढले. त्यांना 'ये' या शब्दाचा अर्थ आधीच शिकवलेला होता. तरीही ऐन पाठलागात झटका कशाबद्दल बसला, याचा मेळ त्यांना नीट लागला नसावा. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी की चार आठवड्यांनी कुत्र्यांना त्याच जागी परत नेले तेव्हा गटांमधला हा फरक कायम होता. जागा आठवत होती आणि तिच्याबरोबर ताणही.

कुत्र्याच्या जागी उभे राहून पाहिले तर हे समजणे अवघड नाही. तो वाऱ्याच्या वेगाने धावतो आहे. मागून हाक येते आणि दोन सेकंदांनी मानेवर डंख बसतो. त्याच्या दृष्टीने डंखाचे कारण काय? न थांबणे? समोरची मेंढी? वाटेतला तो लाल स्वेटर घातलेला माणूस? की मालकाची हाक? यांपैकी कशाशीही डंखाची गाठ बसू शकते. हाकेशी बसली तर रिकॉलचा पायाच खचतो. नेदरलँड्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संरक्षणाच्या कामासाठी तयार होणारे जर्मन शेफर्ड कुत्रे पाहिले गेले. झटके खाल्लेले कुत्रे प्रशिक्षणाच्या मैदानात तर दबलेले होतेच, पण बागेत मोकळे फिरतानाही इतर कुत्र्यांपेक्षा ताणाखाली दिसत होते. मालक जवळ असणे आणि त्याने हुकूम देणे हीच झटक्याची चाहूल आहे असे ते शिकले असावेत, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

तज्ज्ञांच्या हाती दिली तर?

कॉलरचे समर्थक यावर म्हणतात की हा दोष उपकरणाचा नाही, अडाणी वापराचा आहे. कुशल प्रशिक्षकाच्या हाती खालच्या पायरीवरची कॉलर सुरक्षित आणि परिणामकारक असते. हा दावाही तपासला गेला आहे. ब्रिटिश सरकारने खर्च उचललेला आणि लिंकन विद्यापीठातील जॉनाथन कूपर, डॅनियल मिल्स व सहकाऱ्यांनी केलेला तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यात ६३ पाळीव कुत्रे होते. बोलावल्यावर न येणे, मेंढ्यांमागे लागणे अशाच तक्रारी घेऊन मालकांनी त्यांना आणले होते. पहिल्या गटाला कॉलर उत्पादकांच्या संघटनेनेच सुचवलेल्या अनुभवी प्रशिक्षकांनी कॉलर वापरून शिकवले. दुसऱ्या गटाला त्याच प्रशिक्षकांनी कॉलरशिवाय शिकवले. तिसऱ्या गटाला बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांनी शिकवले. म्हणजे कॉलरला जमेल तेवढी अनुकूल परिस्थिती दिली होती.

शेवटी तिन्ही गटांतल्या बहुतेक मालकांनी कुत्रा सुधारल्याचे सांगितले आणि गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. कॉलरच्या गटातले कुत्रे मात्र प्रशिक्षणात जास्त ताणलेले दिसले, जास्त वेळा जांभया देत होते. जांभई हे कुत्र्यांमध्ये अस्वस्थतेचे एक लक्षण मानले जाते. आजूबाजूला हुंगण्या-शोधण्यातही ते कमी रमत होते. आणि त्या गटाच्या मालकांना, ही पद्धत आपल्याला घरी जमेल का, याबद्दल कमी खात्री वाटत होती.

२०२० मध्ये याच चमूने त्या प्रशिक्षणाच्या चित्रफिती पुन्हा बारकाईने तपासल्या. या वेळी मालकाचे मत बाजूला ठेवून फक्त मोजणी केली. 'ये' आणि 'बस' म्हटल्यावर कुत्रा पहिल्याच आज्ञेत ऐकतो का, किती वेळा सांगावे लागते, किती वेळ लागतो? पाच दिवसांच्या प्रशिक्षणात बक्षिसाच्या गटातले कुत्रे पहिल्या आज्ञेला जास्त वेळा आणि लवकर प्रतिसाद देत होते. हा वेगळा प्रयोग नव्हता, जुन्याच नोंदींचा नवा अभ्यास होता, हे लक्षात ठेवायला हवे. तरी ज्या कामासाठी कॉलर विकली जाते त्या कामात, तज्ज्ञांच्या हातीसुद्धा, ती सरस ठरली नाही एवढे त्यातून नक्की कळते.

घरोघरीच्या वापराचे चित्रही फार वेगळे नाही. ब्रिटनमधल्या ३,८९७ कुत्रामालकांच्या पाहणीत, जी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, रिमोटची कॉलर वापरणारे शंभरात साधारण तीन निघाले. बोलावणे आणि पाठलाग या तक्रारींसाठी बक्षिसाची पद्धत वापरणाऱ्यांनी कॉलरवाल्यांपेक्षा जास्त यश सांगितले.

वादाची दुसरी बाजू

तरीही सगळे पुरावे एका बाजूला आहेत असे म्हणणे प्रामाणिक होणार नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील अॅरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी १९ कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वेगाने पळणाऱ्या आमिषाचा पाठलाग थांबवायला शिकवणे हे काम होते. कॉलरच्या गटातले कुत्रे दुसऱ्या सत्रापर्यंत पाठलाग सोडून देऊ लागले. खाऊ देऊन शिकवलेल्या गटांतला एकही कुत्रा पाच दिवसांत थांबला नाही. कॉलरचे कुत्रे काही झटक्यांना केकाटले, पण ताणाच्या संप्रेरकांत गटागटांत फरक आढळला नाही. टीकाकारांनी लगेच दाखवून दिले की कुत्रे फार थोडे होते आणि खाऊची पद्धत चांगले प्रशिक्षक जशी वापरतात तशी वापरलीच गेली नव्हती. लांब दोरी, टप्प्याटप्प्याने वाढवलेला मोह, काही आठवड्यांचा सराव हे पाच दिवसांत बसत नाही.

न्यूझीलंडचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिथला किवी पक्षी उडू शकत नाही. १९८७ मध्ये वैतांगीच्या जंगलात एका मोकाट कुत्र्याने काही आठवड्यांत शेकडो किवी मारले. संशोधकांचा अंदाज सुमारे ५०० पक्ष्यांचा होता. तेव्हापासूनचा धडा घेऊन तिथे, किवींच्या जंगलात जाणाऱ्या कुत्र्यांना, विशेषतः शिकारीच्या कुत्र्यांना, शॉक कॉलर लावून किवीपासून दूर राहायला शिकवतात. पेंढा भरलेला किवी, त्याची विष्ठा, त्याचा वास यांच्याजवळ कुत्रा गेला की झटका मिळतो. एका दुर्मीळ पक्ष्याचे अस्तित्व दुसऱ्या पारड्यात असल्याने तिथले वनखाते हे समर्थनीय मानते. पण अशा कुत्र्यालाही ताब्यात ठेवलेच पाहिजे, प्रशिक्षण म्हणजे हमी नव्हे, असे तेच खाते बजावते.

ही दोन्ही उदाहरणे हॅनोव्हरच्या पहिल्या गटासारखी आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. झटका एका ठरावीक वस्तूशी, तिला शिवण्याच्या किंवा तिच्यामागे धावण्याच्या क्षणाशी जोडलेला आहे. 'त्या वस्तूपासून दूर राहा' हे वेदनेने शिकवता येते. रिकॉलमध्ये शिकवायचे असते ते 'माझ्याकडे ये'. ज्याच्या हातात वेदनेचे बटण आहे त्याच्याकडेच आनंदाने धावत ये, असे वेदनेने शिकवणे उलट्या दिशेचे काम आहे. या वादात दोन्ही बाजू अनेकदा या दोन गोष्टी एकत्र करून बोलतात आणि म्हणून एकमेकांचे पुरावे एकमेकांना पटत नाहीत.

'आधी ऐकायचा, आता ऐकत नाही'

कॉलर विकत घ्यावी असे मालकाला नेमके केव्हा वाटते? बहुधा पिल्लू सात-आठ महिन्यांचे झाले की. चार महिन्यांचे असताना ते पायात घुटमळत असते, हाक मारायचीही गरज पडत नाही. मग एकाएकी ते बहिरे झाल्यासारखे वागू लागते. न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्यूसी अॅशर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आठ महिन्यांचे कुत्रे पाच महिन्यांच्या मानाने 'बस' ही आज्ञा कमी ऐकताना आढळले. गंमत म्हणजे हे फक्त स्वतःच्या माणसाच्या बाबतीत होते. परक्याने सांगितले तर तेच कुत्रे बसत होते. घरात वयात आलेला मुलगा किंवा मुलगी असलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हा टप्पा पुढे सरतो. नेमक्या याच काळात गळ्यात झटका बांधला तर काही महिन्यांच्या अडचणीवर कायमचा उपाय केल्यासारखे होते.

दुसरीकडे, वर्षानुवर्षे नीट ऐकणारा कुत्रा म्हातारपणी ऐकेनासा झाला तर आधी पशुवैद्याला दाखवावे. वयाने ऐकू कमी येते, सांधे दुखतात, दृष्टी मंदावते. हट्टीपणा वाटतो तो अनेकदा आजार असतो. बहिऱ्या कुत्र्यांसाठी नुसती थरथर देणारे पट्टे मिळतात. आधी खाऊशी सांगड घालून शिकवले तर ती थरथर हाकेची जागा घेते. वेदनेसाठी केलेल्या पट्ट्याशी त्याची गल्लत करू नये.

मग करायचे काय?

हाकेला येणे शिकवण्याची रीत साधी आहे. तिला वेळ मात्र लागतो.

पहिली गोष्ट शब्दाची. आपल्या घरांत एक जण 'कम' म्हणतो, दुसरा 'इकडे ये', आजी 'ये रे बाळा' आणि संतापलेला बाप नुसते नाव घेऊन ओरडतो. कुत्र्याने कुठल्या हाकेला यायचे? घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द किंवा एकच शीळ ठरवावी आणि ती फक्त याच कामासाठी वापरावी.

सुरुवात घरातच, दोन पावलांवरून करावी. हाक मारायची, आला की लगेच आवडीचा खाऊ द्यायचा. रोजच्या कोरड्या दाण्यांपेक्षा उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा पनीर जास्त काम करते. मग अंतर वाढवायचे, मग अंगण, मग शांत मैदान, मग गर्दीचे. प्रत्येक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घेऊ नये. बाहेर गेल्यावर लगेच मोकळे न सोडता आठ-दहा मीटरची लांब दोरी बांधावी, शक्यतो गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला. कुत्र्याला मोकळीक वाटते आणि हाक न ऐकून पळून जाण्याची संधी मिळत नाही. न ऐकता पळालेली प्रत्येक वेळ म्हणजे पळण्याचा एक सराव असतो, तो टाळायचा.

हाक मारून कधीही कुत्र्याला आवडत नाही ते करू नये. अंघोळ घालायची असेल, नखे कापायची असतील तर आपण उठून त्याच्याकडे जावे. दर वेळी खेळ संपवून घरी नेण्यासाठीच हाक मारली तर हाकेचा अर्थ 'मजा संपली' असा होतो. म्हणून दहांपैकी आठ वेळा बोलवावे, खाऊ द्यावा आणि पुन्हा खेळायला सोडावे. आवडीच्या कामाची परवानगी हेच कमी आवडीच्या कामाचे बक्षीस होऊ शकते, हे डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलेले तत्त्व इथे अगदी चपखल बसते.

आणि उशिरा आला तरी मारू नये, रागावू नये. हे सर्वांत अवघड आहे. आपण पाच मिनिटे धावाधाव केलेली असते. पण कुत्र्याला शिक्षा कळते ती शेवटच्या कृतीची, आणि त्याची शेवटची कृती असते परत येणे. दिवाळीत फटाक्याला घाबरून पळालेल्या कुत्र्याबाबत तर हे अधिकच खरे. भीतीने पळालेल्याला आणखी एक भीती दाखवून काही साधत नाही.

इतके करूनही काही कुत्र्यांच्या रक्तातली पाठलागाची ओढ इतकी तीव्र असते की मोकळ्या रानात त्यांचा भरवसा देता येत नाही. अशा कुत्र्याला लांब दोरीवर फिरवणे किंवा कुंपण घातलेल्या जागेतच सोडणे यात कमीपणा काही नाही. वाहता रस्ता, चरणारी जनावरे, लहान मुलांचे मैदान इथे तर चांगल्या शिकलेल्या कुत्र्यालाही दोरी हवीच.

आपल्याकडे या कॉलर ऑनलाइन सहज मिळतात. प्राण्याला अनावश्यक वेदना देणे हा आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे तो १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाची भीती कोणाला वाटणार? तेव्हा निर्णय शेवटी घरातच होतो. कॉलर मागवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारून पाहावा. मागचा महिनाभर आपण कुत्र्याला किती वेळा हाक मारली, आणि तो आल्यावर त्याच्या पदरात काय पडले? बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुढचे काम काय, तेही कळते.